दादीची करंगळी

"चित्रं काढून काय होणार?" हा प्रश्न आम्हा दोघी बहिणींना आजवर इतक्या जणांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एव्हाना तोंडपाठ व्हायला हवे होते. शेजारच्या खालांनी विचारला, शादीत भेटलेल्या फुफींनी विचारला, कल्याणच्या एसटीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनीही आमच्या मांडीवरचा ड्रॉइंग बोर्ड पाहून विचारला. पक्के उत्तर अजूनही आमच्याकडे नाही. पण चित्रकला शिकताना आणि प्रदर्शने पाहत फिरताना जे हाती लागले, ते आपल्या मासिकाच्या वाचकांना सांगावेसे वाटले. आमच्या घरी हे मासिक दादीला मोठ्याने वाचून दाखवले जाते. म्हणजे हा लेखही तिच्या कानावर जाणारच आहे, तेव्हा तिच्याबद्दल काही वाढवून-चढवून लिहायची सोय नाही.

आम्ही मुरबाडच्या. अब्बा पेंटर. आमच्याकडे पेंटर म्हणजे पाट्या रंगवणारा. किराणा दुकानाची पाटी, डॉक्टरांचा बोर्ड, टेम्पोच्या मागचे 'हॉर्न ओके प्लीज', शाळेच्या भिंतीवरचे पाढे आणि महाराष्ट्राचा नकाशा, म्हसाच्या यात्रेआधी दुकानदारांचे फलक, हे सगळे अब्बांच्या हातचे. पाटीच्या दोन टोकांना खिळे मारून, खडूची पूड चोळलेला दोरा ताणून, मध्ये टिचकी मारली की काळ्या पाटीवर पांढरी सरळ रेघ उमटायची. ती टिचकी मारायला मिळावी म्हणून आम्ही दोघी भांडत असू. अब्बा मराठी लिहीत आणि उर्दूही. ते सांगत, "मराठी अक्षर रेघेला लटकतं आणि उर्दू अक्षर रेघेवर येऊन टेकतं. हे ज्याला कळलं त्याची पाटी वाकडी होत नाही." आमचा चित्रकलेतला पहिला धडा हाच.

मग फ्लेक्स आले. रात्री छापायला दिले की सकाळी चौकात टांगलेले. ज्या पाटीला अब्बांना दोन दिवस लागत, ती आता दोन तासांत मिळू लागली आणि स्वस्तही. अब्बांनी कुणाला दोष दिला नाही. इमारती रंगवायची कामे घेऊ लागले, नंबर प्लेट करू लागले. इनॅमलचे बारीक ब्रश मात्र त्यांनी घासलेटमध्ये धुऊन, पुसून, पत्र्याच्या डब्यात जपून ठेवले. आमच्यातली थोरली आठवीत गेली तेव्हा तो डबा त्यांनी तिच्यापुढे ठेवला. काही बोलले नाहीत.

शाळेत चित्रकलेचे सर चांगले होते. त्यांनी आम्हाला एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षांना बसवले. कला संचालनालयातर्फे होणाऱ्या या परीक्षा खेड्यापाड्यांतली मुलेही देतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे विषय असतात. अक्षरलेखनात आम्हाला कुणी शिकवायची गरज पडली नाही. बारावीनंतर कला महाविद्यालयासाठीची राज्याची प्रवेश परीक्षा थोरलीने दिली, दोन वर्षांनी धाकटीने. नंबर मुंबईत लागला. दोन्ही वेळी घरात आनंद झाला आणि दोन्ही वेळी रात्री अम्मी-अब्बांची खालच्या आवाजात चर्चा झाली. फी, प्रवास, मुलींनी एवढ्या लांब जाणे, आणि शेवटी तेच: चित्रं काढून काय होणार?

मुरबाडला रेल्वे नाही. फजरनंतर घर सोडायचे, एसटीने कल्याण गाठायचे, तिथून लोकल. २०२३ च्या मार्चपासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले. त्या महिन्यापासून अम्मीच्या हिशोबाच्या वहीतला प्रवासाचा आकडा खाली आला, हे आम्ही स्वतः पाहिले आहे. लोकलच्या गर्दीत ड्रॉइंग बोर्ड सांभाळणे ही एक वेगळीच कला. आडवा धरला तर लोकांना लागतो, उभा धरला तर दाराशी वाऱ्याने ओढला जातो. बायका चिडतात, मग बोर्ड कशाचा म्हणून विचारतात, आणि घाटकोपर येईपर्यंत त्यांच्यातली एखादी आपल्या मुलीची रांगोळी मोबाइलवर दाखवू लागते.

पहिल्या वर्षी समोर एक माठ, एक तांब्या आणि निळे फडके मांडून ठेवले होते. आम्ही झटपट काढले. सर म्हणाले, "तुम्ही माठ काढलात. समोरचा माठ काढला नाहीत." आधी कळलेच नाही. मग पुन्हा पाहिले. समोरच्या माठाचा काठ एका बाजूला चिरलेला होता, त्याचे पोट डावीकडे जरा जास्त फुगले होते, आणि निळ्या फडक्याचा निळा उजेड त्याच्या बुडाला लागला होता. आमच्या कागदावर यांतले काहीच नव्हते. डोक्यात साठलेला माठ आम्ही कागदावर उतरवला होता. धाकटी दोन वर्षांनी त्याच वर्गात गेली तेव्हा तिलाही तेच वाक्य ऐकावे लागले. घरी येऊन ती रागाने म्हणाली, "आपा, तू मला आधी का नाही सांगितलंस?" सांगून कळण्यासारखे ते नव्हतेच.

रोज पंचवीस रेखाटने करायची असा नेम होता. कल्याणच्या फलाटावर, एसटी स्टँडवर, बाजारात. माणसे हलतात, थांबत नाहीत. त्यामुळे चेहरा सोडून आधी खांद्याची उतरण, पाठीचा बाक, ओझे घेतलेल्या हाताचा ताण टिपायला शिकलो. एकदा लोकलमध्ये झोपलेल्या एका मावशींचा चेहरा काढत होतो. त्या जाग्या झाल्या, वही पाहिली आणि गप्प झाल्या. भांडल्या नाहीत. पदर डोक्यावरून पुढे ओढून घेतला आणि खिडकीकडे वळून बसल्या. आम्हाला फार लाज वाटली. त्या दिवसापासून झोपलेल्या माणसाचा चेहरा काढायचा नाही हे ठरले.

पावसाळ्यात मुरबाडला हिरवा रंग शिकायला मिळतो. पेटीत हिरव्या रंगाची एक वडी असते, पण शेतात एक हिरवा नसतो. रोपांच्या वाफ्यातला पोपटी, लावणी झालेल्या खाचरातला पाणी मिसळलेला फिका, बांधावरच्या गवताचा गडद, सागाच्या पानांचा राखट, आणि पाऊस थांबला की सिद्धगडाच्या बाजूला दिसणारा निळसर. पेटीतला हिरवा न वापरता पिवळा आणि निळा मिसळून हे सगळे बनवायचा प्रयत्न आम्ही करतो. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कोरा कागद सोडायचा असतो. फिक्यापासून गडदाकडे जायचे. एकदा गडद झाले की मागे येता येत नाही. त्यात आमच्याकडच्या जुलैत कागद वाळतच नाही, ठेवणीतल्या कागदावर बुरशीचे ठिपके येतात. अम्मी आमचे कागद तांदळाच्या कणगीशेजारी कोरड्या जागी ठेवते आणि वर म्हणते, "तांदूळ ओले झाले तर खायचे काय, हेही विचारत चला."

आता घरातल्या खऱ्या अडचणीबद्दल.

आपल्या घरांत चित्राचा प्रश्न नुसता पैशाचा नसतो. सजीवाची तस्वीर काढावी की नाही, हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेला आहे, आणि त्यावर जाणकारांत मतभेद आहेत. थोरलीच्या दुसऱ्या वर्षी माणूस समोर बसवून काढायचा वर्ग सुरू झाला तेव्हा अब्बा जुम्याच्या नमाजनंतर मौलाना साहेबांना भेटले. त्यांनी शांतपणे दोन्ही बाजू सांगितल्या, नीयतीबद्दल सांगितले आणि म्हणाले, मुलींना विचार करू द्या. आम्ही इथे कुठलाही निकाल देत नाही. ती आमची योग्यता नाही. आम्हाला आमच्यापुरता जो रस्ता दिसला तो असा: वर्गात अभ्यासक्रमाचा भाग म्हणून जे शिकायचे ते शिकावे, आणि ज्याला आपले चित्र नको आहे त्याचे चित्र कधीही काढू नये.

दादीला नको होते. तिचे वय पंचाहत्तरीच्या पुढे. तिचा चेहरा असा आहे की कुठल्याही चित्रकाराला काढावासा वाटेल. आम्ही बरेच दिवस मागे लागलो.

"दादी, आधार कार्डावर फोटो आहेच ना तुझा?"

"तो सरकारनं मागितला. तुम्ही कशाला मागता?"

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. थोरलीने हट्ट सोडला नाही, तेव्हा अब्बाच म्हणाले, "तिने नाही म्हटलं ना, मग संपलं." विषय तिथे थांबला, पण थोरलीच्या मनातून गेला नाही. आपल्याच घरात आपले काम कुणाला पटत नाही, हे ओझे घेऊन चित्र काढणे सोपे नसते. ती सहामाहीत कॉलेज सोडायच्या गोष्टी करू लागली होती. तिला त्यातून बाहेर काढले ते दोन प्रदर्शनांनी आणि एका संग्रहालयाने.

प्रदर्शनाची आमची पहिली आठवण मात्र दाराबाहेर घुटमळण्याची आहे. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ साली सुरू झाली, सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून. आत जायला तिकीट नाही, कुणीही जाऊ शकतो. पण हे आम्हाला माहीत असूनही आम्ही पहिल्या दिवशी समोरच्या फुटपाथवर अर्धा तास उभ्या होतो. काचेची दारे, आतली थंड हवा, इंग्रजी बोलणारी माणसे. आपले बुरखे, आपल्या एसटीच्या धुळीने माखलेल्या चपला. तसे आत कुणी काहीच म्हटले नाही. वहीत नाव लिहायला सांगितले, एवढेच. आम्ही नाव आणि गाव लिहिले: मुरबाड.

त्या दिवशी आम्ही पंधरा मिनिटांत सगळी दालने पाहून बाहेर आलो. आता हसू येते. हळूहळू आम्ही पाहण्याची एक पद्धत बसवली, ती इथे सांगतो. आधी सगळे दालन एक फेरी मारून बघायचे. मग ज्या एका चित्रापाशी पाय अडले त्याच्यापाशी परत यायचे आणि दहा मिनिटे तिथेच थांबायचे. शेजारची चिठ्ठी शेवटी वाचायची. आधी जवळून, मग पाच-सहा पावले मागे जाऊन. वहीत त्या चित्रातली फक्त मोठी आकारांची मांडणी काढायची. चित्र आवडले नाही तर का आवडले नाही, हे एका वाक्यात लिहायचे. चित्रकार तिथे बसलेला असतो, त्याला सलाम-नमस्कार करून विचारायचे. आजवर आम्हाला कुणी हाकलले नाही. उलट बहुतेकांना कुणीतरी विचारावे असेच वाटत असते. तिथली तारीख मिळण्यासाठी कलाकार कित्येक वर्षे वाट पाहतात, आणि मग आठवडाभर लोक फोटो काढून पुढे जातात.

एकदा आम्ही अब्बांना घेऊन गेलो. ते आतल्या चित्रांपेक्षा बाहेर फुटपाथवर चित्रे मांडून बसलेल्या कलाकारांपाशीच जास्त रमले. कोणता ब्रश, कोणता रंग, ऊन लागून रंग उडतो का, पाऊस आला तर काय करता. आम्ही त्यांना एम. एफ. हुसेन यांच्याबद्दल सांगितले. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले हुसेन मुंबईत आले तेव्हा सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरत. अब्बा थांबले. "म्हणजे बोर्डच रंगवायचे," ते म्हणाले. परतीच्या लोकलमध्ये त्यांनी ते आणखी दोनदा विचारले.

दुसरे नाव त्यांना सांगितले ते अ. अ. रायबा यांचे. मुंबईच्या कोकणी मुस्लिम घरात १९२२ साली जन्मलेले, सर ज. जी. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले रायबा गोणपाटावरही चित्रे काढत. शेवटची अनेक वर्षे ते नालासोपाऱ्यात राहिले आणि २०१६ साली वारले. त्यांचे नाव आमच्या घरात आधी कुणी ऐकले नव्हते. त्यांच्याच काळातले अब्दुलरहीम आलमेलकर. त्यांनी आदिवासींचे जीवन लघुचित्रांच्या रेषेत रंगवले. आमच्या तालुक्यात ठाकूर, कातकरी वस्त्या आहेत, त्यांच्या बाजाराच्या दिवशीची गडबड आम्ही लहानपणापासून पाहत आलो. ते चित्राचा विषय होऊ शकते, हे आम्हाला आलमेलकरांची चित्रे पाहून कळले.

सय्यद हैदर रझा यांची गोष्ट धाकटीला फार आवडते. मध्य प्रदेशातल्या जंगलभागात वाढलेल्या या चंचल मुलाला शाळेत शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढून दिला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितले. पुढे १९५० साली ते फ्रान्सला गेले, अनेक दशके तिथे राहिले, आणि तोच ठिपका 'बिंदू' होऊन त्यांच्या चित्रांच्या मध्यभागी आला. त्यांचा दफनविधी २०१६ साली त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्याला, वडिलांच्या कबरीशेजारी झाला. धाकटी म्हणते, ठिपक्याचे महत्त्व आपल्याला नवे नाही. अरबी सुलेखनात अक्षराची उंची आणि रुंदी बोरूने काढलेल्या चौकोनी ठिपक्यांनीच मोजतात. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न मुकला यांनी हे माप बसवले. अब्बांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "आम्ही बोटांनी मोजायचो."

पण थोरलीला सावरले ते कोल्हापूरने.

मिरजेला मामूंच्या घरी शादी होती. दुसऱ्या दिवशी अब्बा आम्हाला कोल्हापूरला घेऊन गेले. तिथल्या टाउन हॉलच्या जुन्या दगडी इमारतीत संग्रहालय आहे. तिथे आबालाल रहिमान यांची चित्रे आहेत. हे नाव कॉलेजात ऐकले होते, पण मूळ चित्र पाहिले नव्हते. कुराणाच्या प्रती हाताने लिहिणाऱ्या घराण्यातला हा मुलगा एकोणिसाव्या शतकात मुंबईला सर ज. जी. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकला. मुंबईत राहिला असता तर नाव, पैसा दोन्ही मिळाले असते. तो कोल्हापूरला परत आला. राजर्षी शाहू महाराजांनी त्याला दरबारचा चित्रकार केले. त्याने रंकाळा रंगवला, संध्यामठ रंगवला, कोटितीर्थाचे पाणी रंगवले. तीच ठिकाणे पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या उजेडात. १९२२ साली महाराज गेले आणि आबालाल खचले. आपली कितीतरी चित्रे त्यांनी कोटितीर्थाच्या पाण्यात सोडली, असे कोल्हापुरात सांगतात. १९३१ साली ते वारले.

त्या चित्रांपुढे आम्ही बराच वेळ उभ्या होतो. त्यांतली काही वहीच्या पानाएवढी. पाणी, झाडे, आभाळ, घाट. कुठे गाजावाजा नाही. थोरली म्हणाली, "हा माणूस रोज त्याच तळ्यावर जायचा आणि रोज नवीन चित्र घेऊन घरी यायचा." अब्बा मात्र वेगळ्याच गोष्टीवर अडले होते. "त्यांच्या घरात कुराण लिहीत," ते म्हणाले, "म्हणजे हात आधीच बसलेला होता." परतताना गाडीत थोरलीने वहीत मुरबाडच्या घराचा नकाशा काढला आणि त्यात जागा लिहिल्या: ओटा, चूल, विहीर, दादीची खाट. रंकाळा नसला तरी हे होते.

घरी आल्यावर तिने दादीला एवढेच विचारले, "चेहरा नाही काढत. हात काढू?"

दादीने आपले हात उलटेपालटे करून पाहिले. "हातांत काय आहे बघण्यासारखं?"

"तू तांदूळ निवडत बस. आम्ही बघतो."

"बरं. तांदूळ तरी निवडून होतील."

रमजान सुरू होता. असरनंतर दादी ओट्यावर सूप घेऊन बसायची, थोरली समोर बोर्ड घेऊन. धाकटीचे काम ओढणीचा आडोसा धरून उन्हाची तिरीप अडवायचे. आठ दिवस नुसती रेखाटने केली. दादीचा हात सुपात कसा फिरतो, खडा दिसला की अंगठा आणि तर्जनी कशी चिमटीत येतात, बाकीची बोटे कशी वर राहतात. मग तरावीहनंतर, रात्री, मोठ्या कागदावर जलरंगात चित्र सुरू केले. तांदळाला पांढरा रंग लावला नाही, कागद सोडला. सुपाची वीण दोन रात्री चालली. चित्र पुरे झाले तेव्हा अम्मी सहरीसाठी उठली होती. तिने दिव्याखाली पाहिले आणि म्हणाली, "हुबेहूब."

सकाळी दादीला दाखवले. तिने डोळे बारीक केले, कागद लांब धरायला सांगितला, आणि म्हणाली, "हात चांगलेत. माझे नाहीत."

आम्ही दोघी तिच्याकडे बघत राहिलो.

"करंगळी सरळ केलीत पोरींनो."

तिने डावा हात पुढे केला. करंगळी मधल्या पेरापासून बाहेरच्या बाजूला वळलेली. तुमचे अब्बा पोटात होते तेव्हा मुसळाखाली सापडली, ती सांगू लागली. त्या काळी भात घरीच कांडायचे. डॉक्टर कल्याणला. कोण नेणार, हंगामाचे दिवस. चिंधी बांधली आणि कांडत राहिले. ती तशीच जुळली. ही हकीगत आम्ही जन्मात ऐकली नव्हती. रोज त्या हातची भाकरी खात होतो, ईदला त्याच हातातून ईदी घेत होतो, आणि करंगळी कधी पाहिली नव्हती. वहीतली रेखाटने काढून पाहिली तर त्यात ती वाकडीच होती. हाताने बरोबर काढली होती. मोठे चित्र करताना आम्हाला वाटले की रेखाटन चुकले असेल, आणि आम्ही ती 'दुरुस्त' केली. समोरचा माठ काढला नाहीत, हे सरांचे वाक्य इतक्या वर्षांनी पुन्हा समोर येऊन उभे राहिले.

जलरंग खोडता येत नाही. वार्षिक प्रदर्शनासाठी काम द्यायला अकरा दिवस उरले होते. अब्बा म्हणाले, एवढ्याशा बोटासाठी कोण बघणार आहे? मग स्वतःच थांबले आणि म्हणाले, "पाटीवर एक वेलांटी चुकली तरी मी अख्खी पाटी पुसायचो." थोरलीने दुसरा कागद ताणला. या वेळी दादी स्वतःहून येऊन बसली. मध्येच विचारायची, "करंगळी आली का?" अकराव्या दिवशी, रंग पुरता वाळायच्या आत, आम्ही चित्र घेऊन पहिली एसटी पकडली.

प्रदर्शनाला दादी आली. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे, म्हणून तिने कल्याणपर्यंतचे तिकीट न काढल्याचे सगळ्यांना सांगितले. मुंबईत ती आधी दोनदाच आली होती, दोन्ही वेळा इस्पितळात. काठी टेकत ती एकेक दालन फिरली. माणसांच्या चित्रांपाशी थांबली नाही, पण तोंडही वाकडे केले नाही. एका मुलाने आपल्या गावची विहीर काढली होती, तिथे मात्र बराच वेळ उभी राहिली आणि म्हणाली, रहाट उलटा बसवलाय. तो मुलगा धावत आला, तिच्याशी बोलला आणि रहाटाचे वहीत टिपून घेतले.

आमच्या चित्रापाशी एका मुलीने तिला ओळखून विचारले, "आजी, हे हात तुमचे?" दादीने पटकन दोन्ही हात पदराखाली घेतले. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. चित्राला बक्षीस मिळाले नाही. परीक्षकांनी मागची भिंत जास्त गडद झाल्याचे सांगितले, आणि ते खरे होते.

हे वाचणाऱ्या घरांना आमची एक विनंती आहे. तुमच्या मुला-मुलीला हातात पेन्सिल धरायची आवड असेल तर शाळेत ग्रेड परीक्षांबद्दल विचारा. महागडे साहित्य लागत नाही. दोन पेन्सिली, साधा कार्ट्रिज कागद आणि विद्यार्थ्यांसाठीची जलरंगाची पेटी एवढ्यावर बरीच वर्षे निघतात. मुंबईला दवाखान्याच्या किंवा लग्नाच्या कामाने जाणे झाले तर तासभर काढून मुलांना एखाद्या प्रदर्शनात न्या. दाराशी घुटमळू नका, आम्ही घुटमळलो तेवढे पुरे. आणि घरात चित्राबद्दल कुणाचे मन वेगळे असेल तर त्याच्याशी भांडू नका. झाडे आहेत, भांडी आहेत, डोंगर आहेत, अक्षरे आहेत. आमच्या शेजारच्या तालुक्यांत वारली बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचे चौक लिहिले. तांदूळ आपल्याही घरात आहेत.

ते चित्र आता घरी आहे. भिंतीवर नाही, दादीला ते चालणार नाही. जुन्या ओढणीत गुंडाळून कपाटावर ठेवले आहे. पण पाहुणे आले, चहा झाला की ती धाकटीला हाक मारते, "बाय, ते वरचं काढ जरा." ओढणी स्वतः सोडते. पाहुण्या बायका म्हणतात, काय सुंदर हात काढलेत. दादी मान हलवते आणि बोट ठेवून दाखवते, "ही करंगळी बघा."